तपासणाऱ्याची चौकट

पद्मनाभ राव दारात चपला काढत होते, तेवढ्यात रंजनीचं लक्ष त्यांच्या खांद्यावरच्या नळीकडे गेलं. ड्रॉइंगच्या शीट गुंडाळून नेतात तसली काळी प्लॅस्टिकची नळी. झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, एस. राव. नळी अप्पांची होती. अप्पांना जाऊन महिना झाला होता, मासिक श्राद्ध आदल्याच दिवशी उरकलं होतं. तेवढ्या अवधीत घरातली एक वस्तू दुसऱ्याच्या खांद्यावर बसून गेली होती आणि रंजनीला त्याचा पत्ताही नव्हता.

"ये की बाबा, बैस," अम्मा स्वयंपाकघरातून म्हणाली. "कॉफी टाकते. साखर कमीच ना अजून?"

"कमीच, मामी. डॉक्टर ऐकत नाही."

ते सोफ्यावर बसले नाहीत. खिडकीपाशी अप्पांचा ड्रॉइंग बोर्ड होता, त्याच्यापुढच्या वेताच्या स्टुलावर बसले. महिनाभर त्या स्टुलावर कोणी बसलं नव्हतं. बसताना त्यांनी खाली न पाहता पाय आडव्या दांडीवर नेमका ठेवला. रंजनीने तेही पाहून ठेवलं.

पद्मनाभ एके काळी अप्पांचे विद्यार्थी, मग त्यांचे सहकारी, आता त्याच कॉलेजात विभागप्रमुख. लहानपणी ती त्यांना अण्णा म्हणायची. आज नळी दिसल्यापासून तिने त्यांना कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती.

काम पुस्तकाचं होतं. अप्पांनी लिहिलेल्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघत होती. त्यात एक नवं प्रकरण, त्या प्रकरणाच्या नव्या शीट. जॉर्ज टाउनमधल्या प्रकाशकाला घरच्यांचं संमतिपत्र हवं होतं. पद्मनाभांनी ते टीपॉयवर ठेवलं. वर पुस्तकाचं नाव होतं, आणि त्याखाली, आजवर जिथे एकच नाव असायचं तिथे, दोन नावं होती. श्रीहरी राव. पद्मनाभ राव.

"पेन कोठे आहे?" अम्मा पदराला हात पुसत आली.

"अम्मा, थांब. मी आधी वाचते."

"त्यात वाचायचं काय? पद्मनाभ आपलाच मनुष्य."

"आपला आहे म्हणूनच. परक्याचं असतं तर वकिलाने वाचलं असतं."

पद्मनाभ हसले, पण त्यांची नजर नळीवर होती. "वाचू दे मामी. सरांची मुलगी आहे. न तपासता सही करणार नाही."

"या नव्या शीट अप्पांनी कधी काढल्या?"

"शेवटच्या वर्षभरात. थोड्या थोड्या करून."

"त्यांचा हात थरथरत होता. कॉफीचा टंबलर दोन्ही हातांनी धरायचे."

"हो," ते म्हणाले आणि कॉफी प्यायला लागले. पेन्सिलीला टोक कसं काढावं यावर तासभर बोलणारा हा माणूस एका 'हो'वर थांबला. शीट ठेवून जा म्हटल्यावर मात्र जरा घुटमळले. "उद्या मला परत लागतील. आणि झेरॉक्सवाल्याकडे देऊ नकोस."

ते गेल्यावर अम्मा कप उचलत म्हणाली, "नळी परत आली ते बरं झालं. त्या दिवशी घाईत नेली होती त्याने."

"कोणत्या दिवशी?"

"त्याच दिवशी ग. तू यायच्या आधी. ह्यांना अजून खाली घेतलं नव्हतं."

"अम्मा, काय नेलं त्यांनी?"

"कागद. मज काय ठाव?" असं म्हणून ती आत गेली आणि एरवी भिजत ठेवते ते कप लगेच घासायला लागली.

रंजनीचं घर शोलिंगनल्लूरला. त्या दिवशी वेस्ट मांबलमला, अम्मा-अप्पांच्या घरी पोचायला तिला तासाच्या वर लागला होता. तेवढ्यात एक माणूस येतो, गुरू पलंगावर गेलेला असतो, आणि तो घरातले कागद गोळा करतो. असं काय होतं त्या कागदांत, जे मुलीच्या नजरेस पडायला नको होतं?

तिने बोर्डावर शीट पसरल्या, अप्पांच्या सवयीने चारी कोपऱ्यांना क्लिपा लावल्या आणि दिवा जवळ ओढला.

पहिल्यांदा तिने अक्षर पाहिलं. ते अप्पांचं होतं, पण त्यावरून काही ठरत नव्हतं. तंजावरच्या पॉलिटेक्निकमधून पदविका घेऊन अप्पा अंबत्तूरच्या एका कारखान्यात नकाशे काढायला लागले, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन पदवी घेतली, आणि एकदा शिकवायला उभे राहिले ते निवृत्त होईपर्यंत. त्या सगळ्या वर्षांत त्यांनी मुलांना एकच गोष्ट बजावली होती. ड्रॉइंगमध्ये माणूस दिसता कामा नये. सगळ्यांचं अक्षर सारखं, सगळ्यांची रेघ सारखी, म्हणजे इथे काढलेला भाग कुठल्याही गावच्या कारखान्यात बिनचूक घडवता येतो. अप्पांचं अक्षर आता शेकडो माणसांच्या हातात होतं. त्यांत सगळ्यात हुबेहूब कोणाचं, हे कॉलेजातला शिपाईसुद्धा सांगू शकला असता. पद्मनाभांचं.

मग तिने रेघा पाहिल्या. सरळ होत्या, कुठेही थरथरलेल्या नव्हत्या. टंबलर दोन्ही हातांनी धरणाऱ्या माणसाच्या नव्हत्या.

आणि मग तिने आकृत्यांच्या जागा पाहिल्या.

शिकवत होते त्या काळात अप्पा वर्गात घरची विळी घेऊन जायचे. कापडी पिशवीत गुंडाळून, लोकलने, तांबरमच्या पुढे कॉलेजपर्यंत. मुलं त्यांना अरुवामनै सार म्हणायची, म्हणजे विळी सर. एकदा मांबलम स्टेशनवर पोलिसाने पिशवी उघडायला लावली, तर अप्पांनी त्याला फलाटावरच विळी समोरून, वरून आणि बाजूने दाखवून पूर्ण धडा दिला. शेवटी तोच हात जोडून "पोंगो सार" म्हणाला, जा बाबा एकदाचे. इकडे अम्मा दुपारी भाजी चिरायची खोळंबलेली असायची. धडा असा. विळी टेबलावर ठेवायची. डावीकडून तिच्यावर उजेड टाकला की सावली उजवीकडच्या भिंतीवर पडते. म्हणून डावीकडून जे दिसतं ते कागदावर उजवीकडे काढायचं. याला फर्स्ट अँगल म्हणतात, आणि आपल्याकडे कॉलेजात हाच शिकवतात. दुसरी पद्धत अमेरिकी कंपन्यांची. त्यात वस्तूभोवती काचेची पेटी आहे असं धरतात, आणि डावीकडून जे दिसतं ते डावीकडच्याच काचेवर उतरवतात. तो थर्ड अँगल. अप्पांच्या पुस्तकात त्याला अर्धं पान होतं, तेही शेवटी, नाइलाजाने.

या सगळ्या शीट थर्ड अँगलमध्ये होत्या.

तिला हे समजायला वेळ लागला नाही, कारण ती स्वतः अशाच एका अमेरिकी कंपनीच्या डिझाइन विभागात होती. नोकरी लागल्यावर तिने पहिलं ड्रॉइंग मोठ्या हौसेने घरी आणलं होतं. पंपाची एक ब्रॅकेट. अप्पांनी चष्मा लावला, लाल पेन्सिल उचलली आणि बाजूच्या आकृतीवर फुली मारली. खाली लिहिलं, रीडू. पुन्हा काढ. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या शीटवर लिहायचे तसंच.

"अप्पा, आमच्याकडे असंच काढतात."

"तुमच्याकडे डावीकडून पाहिलेलं डावीकडेच राहतं? मग त्यात शिकायचं काय?"

भांडण झालं नाही. ती दर रविवारी येत राहिली, जेवत राहिली, औषधं आणून देत राहिली. पण ऑफिसातला कागद तिने त्या घरात पुन्हा आणला नाही, आणि अप्पांनीही कधी विचारलं नाही.

असा माणूस शेवटच्या वर्षात थर्ड अँगलच्या शीट काढत बसला? तिने सगळ्यात खालची शीट वर घेतली. शीटवर ब्रॅकेट होती. कडेला तिरका कापलेला कान, मधे बोल्टची भोकं, मागे आधाराची बरगडी. तिची ब्रॅकेट. तिचीच मापं.

ते ड्रॉइंग तिने इथेच सोडलं होतं, लाल फुलीसकट. म्हणजे या कपाटातून कोणी तरी ते शोधून काढलं होतं, उतरवलं होतं, आणि आता ते अप्पांच्या नावाने छापायला निघालं होतं. शीटच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे नकाशा काढणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव असतं, तिथे 'काढले' या चौकटीत श्रीहरी राव होतं. 'तपासले' ही चौकट रिकामी होती. बाकी सगळ्या शीटवर त्या चौकटीत पद्मनाभांची सही होती. ही शेवटची तेवढी राहिली होती.

"पुस्तक आता त्यांचंच होणार," ती अम्माला म्हणाली. "या आवृत्तीत दोन नावं. पुढच्या आवृत्तीत वरचं नाव पद्मनाभ. त्याच्या पुढच्या आवृत्तीत अप्पा प्रस्तावनेत."

अम्मा म्हणाली, "पोदुम, पुरे आता. जेवून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजनीने संमतिपत्र कोरं ठेवलं, शीट नळीत भरल्या आणि मांबलमहून तांबरमची लोकल धरली.

ड्रॉइंग हॉल तिने शाळेत असताना पाहिला होता. तेव्हा रांगेने उतरते बोर्ड होते, सगळीकडे लाकडाचा आणि खोडरबराचा वास. आता तिथे संगणक होते, आणि बोर्ड मागच्या भिंतीला एकावर एक टेकवून ठेवले होते. संगणकावर रेघ काढत नाहीत, मागवतात, असं अप्पा म्हणायचे. पद्मनाभ एकटेच होते. तिला पाहून उठले, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा बसले.

तिने ब्रॅकेटची शीट त्यांच्यापुढे टाकली.

"ही अप्पांची नाही."

"कशावरून?"

"अप्पा थर्ड अँगलला हात लावत नव्हते. त्यांचा हात इतका स्थिर नव्हता. आणि ही ब्रॅकेट माझी आहे, प्रोफेसर. माझं ड्रॉइंग तुमच्यापर्यंत कसं आलं?"

"प्रोफेसर," ते पुटपुटले. "म्हणजे गोष्ट इथवर आली."

"त्या दिवशी तुम्ही घरातून काय नेलंत?"

त्यांनी उठून हॉलचं दार लावलं. भिंतीशी टेकवलेल्या बोर्डांच्या मागे हात घालून जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली एक गुंडाळी काढली. दोरा सोडला नाही. "हे तुला दाखवायचं नाही असं मी कबूल केलं होतं."

"कोणाला?"

"अजून कोणाला?"

"मग तो शब्द तुमच्या सोयीचाच झाला. विचारायला आता ते नाहीत."

हे बोलणं त्यांना लागलं. त्यांनी दोरा सोडला.

गुंडाळीतली प्रत्येक शीट त्याच ब्रॅकेटची होती. पहिलीत रेघा मुंगी चालल्यासारख्या वाकड्या. समोरची आकृती ठीक, पण डावीकडून दिसणारी बाजू उजवीकडे काढलेली. तिच्यावर लाल फुली. खाली लाल अक्षरात, रीडू. दुसरी शीट, पुन्हा उजवीकडे, फुली, रीडू. तिसरीत बाजूची आकृती जागेवर, पण वरून दिसणारी खाली गेलेली. रीडू. एका शीटवर लाल पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता.

"तुम्ही फुल्या मारल्यात? त्यांच्या शीटवर?"

"वेड लागलंय का? त्यांच्याच आहेत," पद्मनाभ म्हणाले. "हॉल दुपारी रिकामा असतो तेव्हा यायचे. म्हणाले, पद्मनाभ, मला फर्स्ट इयरचा मुलगा समज आणि थर्ड अँगल शिकव. मी म्हटलं, सर, मला पाप लागेल. तर म्हणतात, पाप लागू दे, चूक लागता कामा नये." ते जरा हसले. "डोक्याला सगळं समजत होतं ग. हात ऐकत नव्हता. डावी बाजू काढायची म्हटलं की आपोआप उजवीकडे जायचा. आयुष्यभर तिकडेच गेलेला हात. मग स्वतःवर चिडायचे आणि लाल पेन्सिल मागायचे."

"पण कशासाठी?"

"मला सांगितलं, पुस्तकात प्रकरण हवं, मुलं आता सगळी तुमच्यासारख्या कंपन्यांत जातात. पण शेवटच्या उदाहरणाला दुसरी वस्तू घ्यायला तयार नव्हते. तुझी ती घडी पडलेली शीट खिशातून काढायचे. म्हणायचे, रंजनीने बरोबर काढलं होतं, मी चूक दिली. बरोबर आलं की मी स्वतः दाखवीन. तोवर तिच्या कानावर घालायचं नाही."

रंजनीने फाटलेल्या शीटवर तळहात ठेवला. तिचा संशय अजून पुरता गेला नव्हता. रात्रभर सोबत राहिलेली गोष्ट अशी एका दुपारी जात नाही.

"आणि त्या दिवशी?"

"मामींचा फोन आला. धावत गेलो. सर पलंगावर, आणि बोर्डावर, स्टुलावर, कपाटावर या शीट. आता गाव लोटणार, कॉलेजातले सगळे येणार. ड्रॉइंगच्या मास्तरची बिघडलेली शीट कोणी पाहू नये रंजनी. त्यांनी आम्हाला तेच शिकवलं. मला दुसरं काही सुचलंच नाही." ते खिडकीकडे वळले. "सरांच्या पायांना हात लावायच्या आधी मी कागद गोळा केले. ते कोणाला सांगणार?"

बाहेर मुलांचा गलका झाला, कोणी तरी दार ढकलून पाहिलं आणि निघून गेलं.

"नळीतल्या शीट मात्र स्थिर हाताच्या आहेत," ती म्हणाली.

"त्या घरी काढल्या. मी नव्हतो. ते मामींना विचार."

तिने बिघडलेल्या शीट एकावर एक लावल्या, वर्तमानपत्रात घातल्या आणि दोरा बांधला. गुंडाळी त्यांच्यापुढे सरकवली आणि ब्रॅकेटची शीट नळीत परत घातली. "या तुमच्याकडेच राहू देत, अण्णा."

पद्मनाभांनी गुंडाळी बोर्डांच्या मागे पुन्हा ठेवून दिली. परत वळायला त्यांनी जरा वेळच घेतला.

ती घरी आली तेव्हा अम्मा जमिनीवर विळी घेऊन घेवडा चिरत होती. रंजनी तिच्यासमोर फतकल मारून बसली.

"अम्मा, स्केल तू धरत होतीस?"

अम्माचा हात थांबला नाही. "मग कोण धरणार? एका हाताने स्केल, एका हाताने ह्यांचं मनगट. वर पुन्हा मला म्हणायचे, गोदा, श्वास घेऊ नको, रेघ हलते. रेघ लहान असली तर ठीक. लांब असली की मी अर्धी मेलेली. किती सांगितलं, पोदुम, एवढ्याने कोण बक्षीस देणार आहे? ऐकतात कोठे."

"मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कोठे? तू पद्मनाभाला चोर ठरवायला निघालेली. मी म्हटलं, जाऊन ये. माझ्या सांगण्यावर तू विश्वास ठेवला असतास होय? तपासल्याशिवाय तुम्हा दोघांना भातसुद्धा शिजलेला वाटत नाही."

"तपासले, ती चौकट रिकामी का?"

"पद्मनाभ सही करू गेला, तर ह्यांनी त्याचा हात धरला. ह्या शीटवर त्या कंपनीतल्या मनुष्याचीच सही हवी, म्हणाले. आता तिथला मनुष्य म्हणजे कोण, ते काही बोलले नाहीत." अम्माने घेवड्याचा दोरा ओढून बाजूला टाकला. "बोलायला हवं होतं काय?"

रंजनी उठली. शीट बोर्डावर लावली, आणि ऑफिसात एखाद्या नवख्या मुलाचं काम तपासते तशी तपासायला लागली. मापं बरोबर. समोरून, बरोबर. वरून दिसणारी वर, बरोबर. डावीकडून पाहिलेली बाजू डावीकडे. कोपऱ्यात थर्ड अँगलची खूण, बरोबर. मग ती बाजूच्या आकृतीकडे परत आली आणि तिथेच थांबली. मागच्या बोल्टचं भोक या बाजूने दिसत नाही. जे असतं पण दिसत नाही, ते तुटक रेघेने दाखवायचं असतं. भोकाची एक कड तुटक रेघेने दाखवली होती. दुसरी नव्हती.

तिने पद्मनाभांना फोन लावला. "अण्णा, संमतिपत्रावर आम्ही सही करतोय. दोन्ही नावं राहू देत. पण ब्रॅकेटवर एक रेघ राहिलीय."

"काही राहिलेलं नाही. मी तपासलीय."

"बाजूची आकृती, मागचं भोक."

पलीकडून ते आकृती मनात फिरवत पुटपुटताना ऐकू आले. मग पद्मनाभ म्हणाले, "अय्यो."

"मग तुम्हीही नापास."

"रंजनी, सर परीक्षेत नेहमी एक रेघ गाळायचे. कोणाला दिसते ते बघायला. मुद्दामच ठेवली असेल."

"नाही तर चुकली असेल."

"सर चुकणार?"

"तुमच्या हॉलमध्ये एक गुंडाळी आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने अम्माला विचारलं. अम्माने कपाळाला आठ्या घालून शीटकडे पाहिलं. "मज ठाव नाही. कुकरची शिट्टी झाली की मी उठून जायची. त्या रेघेच्या वेळी भात उतरवायला गेले असेन. का त्यांनीच मला मुद्दाम पाठवलं असेल. त्यांचं काय सांगावं?"

रंजनीने लाल पेन्सिल उचलली. अप्पांच्या दातांचे व्रण असलेली, शेवटी शेवटी बोटाएवढी उरलेली. ती तिने जरा वेळ धरली आणि बोर्डाच्या पन्हाळीत परत ठेवून दिली. मग काळी पेन्सिल घेतली, टोक घासून पातळ केलं. स्केल लावली, पण पेन्सिलीचं टोक कागदाला टेकताना तिच्या लक्षात आलं की आपला हात हलतोय.

अम्माने विळी पाय लागणार नाही अशी भिंतीशी सरकवली, गुडघ्यावर हात देत उठली, पदराला बोटं पुसली आणि न सांगता स्केलवर दोन्ही हात ठेवले.

एक तुकडा, मधे जागा, पुन्हा एक तुकडा. रेघ छोटी होती. रंजनीने ती पूर्ण केली, रिकाम्या चौकटीत आपलं नाव अप्पांच्या अक्षरात लिहिलं, आणि तरीही लगेच उठली नाही. बाजूची आकृती पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहायला लागली, अजून कुठे काही गाळलंय का म्हणून.

"झालं ना?" शेजारून अम्माचा दाबलेला आवाज आला. "आता श्वास घेऊ का?"